सहा नंबरची हाळी

माणखारात दयारामला विचारल्याशिवाय समुद्रसुद्धा आत येत नाही, असं त्याची बायको ठमाबाई म्हणायची, आणि ती काही कौतुकानं म्हणायची नाही. दयाराम उघाडीवाला होता. खाडीच्या पाण्यापासून भातशेती वाचवायला गावानं तीन किलोमीटरचा मातीचा बांध घातलेला, त्या बांधाच्या गावाकडच्या टोकाला लाकडी दारं, तीच उघाडी. भरती आली की दारं लावायची, ओहोटी लागली की उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. एकवीस वर्षं तो हेच करत होता. त्यामुळे खाडी आपल्या शब्दाबाहेर नाही असं त्याला वाटायला लागलं होतं, हे मात्र खरं.

बांधाच्या आत साडेतीनशे एकर खार होती, खाडीपासून राखलेली भाताची जमीन. बांधाला भोक पडलं की त्याला म्हणतात खांड गेली. ती हाताएवढी असते तोवर चार माणसं चिखल नि पेंढा कोंबून बुजवतात. अर्धा तास उशीर झाला की तिच्यातून बैलगाडी जाईल. आणि खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही.

म्हणून अमावास्या-पुनवेच्या उधाणाला बांधावर पाळी असायची. घरटी एक माणूस. ज्याची पाळी त्यानं भरतीच्या वेळी बांधावर हिंडायचं आणि खांड दिसली की हाळी द्यायची. हाळीचा नियम आजोबा-पणजोबांपासूनचा: ऐकणाऱ्यानं ‘आली!’ म्हणून उलट ओरडायचं, आणि ते उत्तर येईपर्यंत हाळी देणाऱ्यानं थांबायचं नाही. उत्तर आलं की मगच कुदळीला हात लावायचा.

पण आता पाळीला माणसं आणायची कुठून? कुणी कंपनीत, कुणी ट्रेलरवर, कुणी सकाळच्या लाँचनं रेवसहून भाऊच्या धक्क्याला. पाळी आली की घराघरात भांडणं. शेवटी ह्यावर तोड काढली ती दयारामच्याच पोरीनं. प्राप्ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, नवी मुंबईत नोकरीला, आणि शनिवार-रविवार घरी आली की अंगणात तारा नि डबे पसरून बसणारी. तिनं दहा डबे बनवले. टिफिनएवढा एकेक डबा, वर तळहाताएवढी सोलारची काच, खाली एक नळी. बांधाच्या आतल्या बाजूच्या चरीत नळी सोडायची. चरीतलं पाणी चढलं किंवा खारट झालं की डबा शेजारच्या डब्याला सांगणार, तो पुढच्याला, असं करत निरोप दयारामच्या गच्चीवरच्या यंत्रापर्यंत यायचा आणि तिथून सगळ्यांच्या मोबाइलवर भोंगा वाजायचा.

“टावर लागत न्हाय, शिम लागत न्हाय,” दयाराम चहाच्या टपरीवर सांगायचा. डबे जणू त्यानंच बनवले होते. “इहिरीवरना हंडा कसा हातोहात घराला येतो, तसा निरोप येतो. आन् वाट ज्याची त्यो शोधतो. एक डबा बंद पडला तर दुसऱ्याच्या हातात हंडा. समदी एकदम बोंबलत न्हाईत, नायतर बॅटरी संपंल. ज्याला कायतरी नवीन कळलं त्योच बोलणार, आन् कमीत कमी बोलणार.”

“मंग घरात त्यातला एक डबा ठेवा,” ठमाबाई म्हणाली होती. “तुमाला शिकवंल कमी बोलायला.”

श्रावणात गावाची सभा झाली. दयारामनं छातीवर हात मारून सांगितलं, यंदापासून पाळी बंद, माझी जबाबदारी. हितेश नावाचा ट्रेलरवाला पोरगा, गावातल्या तरुणांचा म्होरक्या, त्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती दयारामनं कुणाला सांगितलीच नव्हती. उघाडीपासून टोकापर्यंत ओळीनं लावायला डबे दहा बनवले होते, पण बांधावर नऊच बसले होते. पाच नंबर घरातच कपाटावर पडून होता.

माणखारचा बांध घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. ह्या टोकाला उघाडी, त्या टोकाला तिवरांची झाडी, आणि मधे खाडीचा हात आत घुसलेला. नालेच्या ऐन वळणावर एकच घर आहे, काळूरामचं. प्राप्तीनं कागदावर नकाशा काढून पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर हेच, की पाच नंबर काळूकाकांच्या टाकीवर बसवायचा. वळणावर तिवरं माणसाच्या दुप्पट उंच, खांबावर डबा लावला तर ओल्या पानांतून लहर जात नाही, तिथं उंची फक्त त्या टाकीलाच आहे.

“तिथं न्हाय,” दयाराम म्हणाला होता.

“बाबा, सगळा रस्ता तिथून जातो.”

“तिथं न्हाय म्हंजे न्हाय. मी त्याच्या दारात जाणार न्हाय आन् तूबी जायचं न्हाय.”

भांडणाला अकरा वर्षं झाली होती. त्या वर्षी भादव्यातल्या अमावास्येला पाळी काळूरामची होती. तो पलीकडच्या तिवरांच्या टोकाला आणि दयाराम उघाडीवर. वळणावर तिसरा माणूस असायचा तो त्या वर्षापासून मिळेनासा झालेला. भर दुपारी टोकाला खांड गेली. दयारामला कळलं ते शेतात पाणी चमकलं तेव्हा, आणि तोवर तीस हात बांध वाहून गेला होता. दुसऱ्या दिवशी देवळात सभा बसली. दयारामला विचारलं, हाळी आली का? तो म्हणाला, न्हाय आली. काळूरामला विचारलं, तर तो उभा राहिला आणि तोंडातून शब्द काढेना. मग गावानं काय समजायचं ते समजून घेतलं: पठ्ठ्या झोपला होता. तीन वर्षं खार पडीक राहिली. तेव्हापासून काळूरामच्या घराला पाळीला कुणी बोलावलं नाही आणि दयाराम त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

तर त्या रागापायी रस्ता बदलला. चार नंबरचा निरोप सहाला आणि सहाचा चारला, मधल्या पाण्यावरून सरळ, अर्धा किलोमीटरची उडी. प्राप्तीनं ओठ दाबले, पण बसवलं. ओहोटीच्या वेळी आठ दिवस तपासलं. बांधाची सगळी कामं माणखार ओहोटीलाच करतं, तेव्हाच गाळात पाय ठेवता येतो. आठही दिवस निरोप खणखणीत आला.

पितृपक्षातली त्रयोदशी होती. संध्याकाळी प्राप्ती टोकाकडून सहा नंबरच्या आतली नोंद लॅपटॉपवर उतरवून घेऊन आली आणि ओसरीवर बसली. बराच वेळ तिनं चहाकडे बघितलं नाही, तेव्हा दयाराम जवळ गेला.

“काय झालं?”

“बाबा, पुनवेला सहा नंबरनं चारला हाका मारल्यात. साडेअकरा ते दीड. एकेक निरोप सात-सात वेळा पाठवलाय. उलट उत्तर एकदाही आलेलं नाही.”

“आन् चार काय म्हनतो?”

“चारच्या नोंदीत काहीच नाही. त्या दोन तासांत त्याच्यापर्यंत काही आलंच नाही.”

“पन मोबाइलवर तर हिरवं दिसत व्हतं! मी सोता बघितलं.”

“चारला शेवटचं जे कळलं होतं तेच तो दाखवत बसला. माझीच चूक. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी त्याला शिकवलं.” तिनं लॅपटॉप मिटला. “ओहोटीला मधे गाळ असतो, तेव्हा जातं. भरतीला पाणी चढतं. एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावर आपटून जाते, आणि पलीकडे पोचेपर्यंत दोघी एकमेकींना मारून टाकतात. आपण तपासलं ओहोटीला, बाबा. आणि खांड जाते भरतीला.”

परवा सर्वपित्री अमावास्या, वर्षातलं मोठं उधाण. भात पोटरीतून बाहेर आलेलं, लोंबीत दूध भरत होतं. बांधावर माणूस नाही, आणि ते कुणाच्या शब्दावर? त्यानं लगेच हितेशला फोन लावला. हितेश उरणला गाडी भरत होता. तो म्हणाला, काका, तुम्हीच बंद केलीत पाळी, आता दोन दिवसांवर सुट्टी कोण देणार? परवा जे घरी असतील ते असतील, पण पितरांचं सोडून बांधावर हिंडायला कोण येणार?

“मीच जाईन टोकाला,” दयाराम म्हणाला.

“आणि तुमची हाळी ऐकणार कोण?” प्राप्तीनं विचारलं. “उद्या भरतीच्या वेळी मी एकदा बघून घेते. मी टोकाला दहा नंबरपाशी उभी राहून बटण दाबते, म्हणजे निरोप सहावरून चारला जाईल; तुम्ही उघाडीवर मोबाइल घेऊन थांबा. आलं तर हात वर करा.”

चतुर्दशीला सव्वाअकराला पाणी भरलं. दयाराम उघाडीवर मोबाइल हातात धरून उभा होता. खाडीच्या पलीकडे, तिवरांच्या कडेला, प्राप्तीची पिवळी ओढणी दिसत होती. भरतीबरोबर वारा सुटलेला, तो ह्याच्या पाठीवरून तिच्याकडे वाहत होता. बांधाला पाणी थपाथप लागत होतं. मोबाइल गप्प होता.

थोड्या वेळानं पोरीनं दोन्ही हात तोंडाशी नेले. मान मागे टाकून ती ओरडली. हे दयारामला दिसलं. मग ती पुन्हा ओरडली, कमरेत वाकून, सगळा जीव काढून. पुन्हा. ओढणी काढून हलवली आणि पुन्हा हात तोंडाशी. दयाराम कान टवकारून उभा. थपाथप पाणी, वारा, आणि दुसरं काहीही नाही. स्वतःची पोटची पोरगी समोर दिसतेय, तोंड उघडलेलं दिसतंय, आणि आवाज म्हणून येत नाही. हात वर करायचा हेही त्याला सुचलं नाही.

प्राप्ती तासाभरानं परतली ती तावातावानं. घसा खरवडलेला.

“बाबा, किती ओरडले मी! एक हात तरी वर करायचात! मला वाटलं तुम्हाला चक्कर आली की काय.”

“ऐकू न्हाय आलं.”

“दिसत तर होते मी?”

“दिसत व्हतीस.”

“मग?”

दयाराम उघाडीच्या दाराकडे वळला. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी त्यानं पलीकडे बघितलंही नव्हतं. तो उघाडीच्या दाराला फळी ठोकत होता. हाळी आली तर ऐकू येईल, असंच समजून चालला होता. ‘न्हाय आली’ हे त्यानं सभेत सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण त्यावर लोक ‘दिलीच नाही’ म्हणाले, तेव्हा त्यानं तोंड उघडलं नाही. त्याला तेव्हाही कळलं होतं की ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थोडंसं कळलं होतं. पण बोलला असता तर पुढचा प्रश्न आला असता: मग तू काय करत होतास रे, उघाडीवाल्या?

जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. ठमाबाईनं दोनदा विचारलं, बोंबलाचं कालवण बिघडलंय काय. तो उठला, हात धुतले, कपाटावरचा पाच नंबरचा डबा काढला आणि पोरीला म्हणाला, “चल.”

“कुठं?”

“काळूरामाकडं.”

ठमाबाई ताट तसंच हातात धरून उभी राहिली.

काळूराम पडवीत बसून केळीची पानं पुसत होता, दुसऱ्या दिवशीच्या पितरांसाठी. त्याची बायको चंद्राबाई अळू निवडत होती. दयारामला बघून दोघांचे हात थांबले.

“काय रं,” काळूराम म्हणाला, “वाट चुकला काय?”

प्राप्ती काही बोलणार होती, दयारामनं तिला हातानं थांबवलं. तो पायरीखालीच उभा राहिला.

“आज पोरगी तिकडच्या टोकाला उभी व्हती. मी उघाडीवर. ती बोंब मारत व्हती, मी डोळ्यानं बघत व्हतो. मला ऐकू आलं न्हाय.”

“मंग?”

“मंग काय... तूबी त्या दिवशी हाळी दिली असशील.”

“असशील?”

“दिली व्हतीस.”

काळूरामनं हातातलं पान बाजूला ठेवलं. बोलली ती चंद्राबाई, आणि अकरा वर्षं आत धरून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं.

“दिली व्हती म्हंजे? भावजी, घसा फुटेस्तोवर दिली व्हती! उत्तर येत न्हाय तोवर थांबायचं न्हाय ना? मंग ह्ये थांबले न्हाईत. पाय खांडीत रोवून बोंबलत ऱ्हायले. घरला आले तवा तोंडातनं वारा येत व्हता निस्ता. चार दिस हळद-दूध पाजलं मी, शब्द फुटत न्हवता. सभेत उभे ऱ्हायले, गळ्याला हात लावून दाखवत व्हते की बाबांनो, आवाज गेलाय माझा. आन् तुमी काय बोलला, आठवतं? ‘शपथा घेऊ नको’ बोलला!”

दयारामला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. गळ्याची कातडी चिमटीत धरलेला काळूराम, आणि आपण म्हटलं, शपथा घेऊ नको, आणि देवळात सगळे हसले. त्याला वाटलं, आता ह्या पायरीनं आपल्याला गिळून टाकावं.

“आवाज आल्यावर तरी सांगायचं,” तो कसाबसा बोलला.

“पंधरा दिसांनी?” काळूराम म्हणाला. “लोकं बोलली असती, पंधरा दिस बसून गोष्ट रचली. आन् तू यायचास ना इचारायला. मी वाट बघितली. एक वरीस बघितली.”

अंगणात कोंबड्या टोचत होत्या. प्राप्ती डबा पोटाशी धरून खाली बघत होती. शेवटी काळूरामच उठला.

“तो डबा कुठं लावायचाय?” त्यानं तिला विचारलं.

“टाकीवर, काका. तुमची हरकत नसेल तर.”

“लाव. भात माझंबी हाय त्या खारीत.” मग दयारामकडे न बघता म्हणाला, “पन तू आता बोललास ते माझ्या पडवीत. सभेत बोलला व्हतास तवा गाव व्हतं.”

“गावासमोर सांगीन.”

“बघू.”

अंधार पडायच्या आत डबा बसला. प्राप्तीनं मोबाइलवर दाखवलं: सहाचा निरोप आता पाण्यावरून उडी मारायला जातच नव्हता. पाच दिसल्याबरोबर त्यानं आपणहून वाट बदलली होती. शिवाय तिनं अजून एक गोष्ट केली. ज्या डब्याकडून पाच मिनिटं काही आलं नाही तो आता लाल दिसणार, हिरवा नाही. आलं नाही म्हणजे ठीक आहे असं आता कुणी कुणाला सांगायचं नाही, ती म्हणाली. दयारामनं मान डोलावली, पण पोरीच्या नजरेला नजर दिली नाही.

सर्वपित्रीला बारा वाजून दहा मिनिटांनी गावभर भोंगे वाजले. घराघरात पानं वाढलेली, वडे कढईत, आणि सगळ्या मोबाइलवर एकच निरोप: नऊ नंबर, चरीत खारं पाणी. लोक धुतल्या कपड्यांनिशी पळाले. कुणी पेंढ्याचे भारे घेतले, कुणी घमेली. उरणहून रातोरात परतलेला हितेश नव्या पँटीत चिखलात उतरला. दयाराम साठीचा माणूस, पण तो बांधावरून असा धावला की ठमाबाई मागून ओरडत राहिली, “अवो, पडाल!”

तिथं काळूराम आधीच पोचला होता. सगळ्यांत जवळचं घर त्याचंच. खांड दीड हाताची झाली होती आणि तो तिच्यात पाठ लावून छातीभर पाण्यात बसला होता, दोन्ही बाजूंना हात रोवून. पाणी त्याच्या काखेतून आत येत होतं. त्याच्या भोवतीनं पेंढा कोंबला, मग चिखलाचे गोळे, मग पुन्हा पेंढा. तीस-चाळीस माणसांची रांग लागली, चिखल हातोहात पुढे जात राहिला. एक वाजता पाणी थांबलं. आत शेतात दोन-तीन वाफे तेवढे ओले झाले होते. बाकीचं भात वाऱ्यावर हलत होतं.

लोक बांधावरच धापा टाकत बसले. कुणी हसायला लागलं. हितेश म्हणाला, “काका, तुमचा डबा पावला!” आणि प्राप्तीच्या नावानं कुणीतरी शिटी मारली. दयाराम बसला नाही. कमरेपर्यंत चिखल, धोतराची पार लाज गेलेली, तसाच तो उभा राहिला.

“गप ऱ्हावा जरा,” तो म्हणाला. “मला बोलायचंय. अकरा वर्सांमागं ह्याच जागी खांड गेली. काळूरामानं हाळी दिली व्हती. आवाज जाईपर्यंत दिली व्हती. मला ऐकू आली न्हाय, ह्ये खरं. पन तुमी दिलीच न्हाय बोललात, आन् मी गप बसलो. दिलीच न्हाय म्हटलं की माझ्यावर काय येत न्हवतं, म्हनून गप बसलो. तो झोपला न्हवता. चूक माझी हाय.”

जुनी माणसं चिखलाकडे बघत राहिली. हितेशला ते सोसलं नाही.

“जाऊ द्या ना काका, झालं ते झालं.”

“तुझं काय गेलंय रं, जाऊ द्यायला?” काळूराम म्हणाला. तो पाण्यातून वर येऊन बसला होता, पाठ सोलून निघालेली. त्यानं दयारामकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. “बरं बोललास. समद्यांनी ऐकलं. पन ज्यानं ऐकायला पायजे व्हतं तो हितं न्हाय.”

“कोन?”

“बापूस माझा. सात वर्सं झाली जाऊन. मरेस्तोवर माझ्या हातचं पानी प्याला न्हाय. बोलायचा, ह्यानं माझी तीन पिकं झोपंत घालवली. मी काय सांगू त्याला? देवळात तू बोललेलास, उघाडीवाला. तुझा शब्द खरा.” तो उठला, पंचा पिळला. “आज त्याचं पान ठेवलंय गच्चीवर. चल. सांग त्याला.”

दयाराम त्याच्या मागोमाग चालायला लागला. प्राप्ती जरा अंतर ठेवून आली. काळूरामच्या अंगणात चंद्राबाईनं बादली पुढे केली. “पाय धुवा आधी,” ती म्हणाली, “घरात पितर हायेत.” त्यानं पाय धुतले आणि गच्चीवर गेला.

कठड्यावर केळीचं पान होतं. खीर, वडा, अळू, भात, शेजारी पाण्याचा तांब्या. पानाला अजून कावळा शिवला नव्हता. दयारामनं हात जोडले. म्हाताऱ्याला सगळं गाव नाना म्हणायचं.

“नाना,” तो म्हणाला. तो खालच्या सुरात, पानाशी वाकून बोलायला लागला. “मी दयाराम. उघाडीवरचा. नाना, तुमचा काळू त्या दिशी झोपला न्हवता...”

“मोठ्यानं बोल,” काळूराम मागून म्हणाला. तो जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. “त्याला कमी ऐकायला यायचं.”

दयारामनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्यानं.